‘रोग सर्वेक्षण’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आला आहे : “साथींना तोंड देण्यासाठी राष्ट्रीय आरोग्यसंस्था बळकट कराव्यात, अशा आशयाच्या लेखाचं मराठी करते आहे. ‘डिसीज सर्व्हेलन्स’ला शासकीय कागदांत ‘रोग सर्वेक्षण’ म्हटलेलं दिसतं. पण सर्वेक्षण म्हणजे सर्व्हे ना? ‘पाळत’ किंवा ‘टेहळणी’ चालेल का?”

तुमची शंका रास्त आहे. शासकीय मराठीत ‘रोग सर्वेक्षण’ पक्का रुळलाय. २००४ साली सुरू झालेला केंद्राचा कार्यक्रमही मराठीत ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण’ म्हणूनच ओळखला जातो. अडचण अशी की सर्व्हे आणि सर्व्हेलन्स ही दोन वेगळी कामं या एकाच शब्दाच्या गळ्यात पडली आहेत.

मे-जून २०२० मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या ७० जिल्ह्यांत लोकांचं रक्त तपासून करोना किती जणांना होऊन गेलाय याचा अंदाज घेतला. आपल्याकडचे बीड, परभणी, नांदेड, सांगली, नगर आणि जळगाव त्यात होते. नमुने घेतले, हिशेब मांडला, फेरी संपली. हे सर्वेक्षण.

दुसरं काम, म्हणजे सर्व्हेलन्स, संपतच नाही. हिवतापाचा कर्मचारी दर पंधरवड्याला दारात येतो, “घरात कुणाला ताप?” विचारतो, असेल तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतो आणि भिंतीवर तारीख टाकून पुढच्या घरी जातो. तिकडे उपकेंद्रातली आरोग्यसेविका लक्षणांवरून नोंद करते, आरोग्य केंद्रातला डॉक्टर संशयित निदान लिहितो, प्रयोगशाळा पक्कं निदान कळवते. एकही रुग्ण नसेल तर शून्य कळवायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकाम्या रकान्यावरून रोग नाही की नोंद करणारा माणूसच नाही, हे कसं कळणार? मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला तापाचे रुग्ण वाढले. काही नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले, त्यांत चिकुनगुनिया निघाला. संस्थेचं पथक तेवढ्यावर थांबलं नाही. बेलसर आणि परिंचे इथे जाऊन त्यांनी आणखी ४१ जणांचे नमुने घेतले. त्यांतल्या २५ जणांना चिकुनगुनिया, तिघांना डेंगी आणि एका महिलेला झिका असल्याचं कळलं. महाराष्ट्रातला हा झिकाचा पहिला रुग्ण. ही संस्था १९५२ पासून पुण्यात आहे. साथ असो-नसो, तिथली माणसं आणि यंत्रं कामात असतात, म्हणून चिकुनगुनियाच्या गर्दीतला एक झिका हाती लागला.

आता पर्यायांकडे. ‘पाळत’ संशयितावर ठेवतात. आजारी माणसाला त्यात आरोपी केल्यासारखं होतं, आणि त्या भीतीने लोक ताप लपवतील. ‘टेहळणी’ला सीमेवरच्या चौकीचा वास आहे. ‘देखरेख’ बरा, पण तो बांधकामावरही असतो. मला ‘निगराणी’ सर्वांत जवळचा वाटतो. तो हिंदीतून आला अशी तक्रार होईल, पण त्याच्याच कुळातला ‘निगा’ आपण पिढ्यान् पिढ्या वापरतो आहोत. फारसी ‘निगाह’ म्हणजे नजर. मराठीत तिची काळजी झाली. नजर ठेवायची ती काळजीपोटी, हा या कामाचा गाभाच आहे.

तेव्हा कार्यक्रमाचं अधिकृत नाव असेल तिथे ‘रोग सर्वेक्षण’ तसाच ठेवा, नाहीतर संदर्भ तुटेल. बाकी मजकुरात ‘रोगांवर सतत निगराणी’ लिहा आणि ‘सतत’ गाळू नका. ‘सर्वेक्षण बळकट करण्यासाठी निधी’ असं वाक्य आलं, तर ते ‘निगराणीसाठी कायमची माणसं आणि प्रयोगशाळा’ असं उलगडून लिहा, अर्थात मूळ लेखात तसा तपशील असेल तरच. नाहीतर वाचकाला वाटेल की पैसे एखादी पाहणी करण्यासाठी मागितले आहेत.