मनात प्रेम वाटत नसताना देवाची आज्ञा पाळली, तर ते ढोंग ठरतं का?

तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. तुम्ही लिहिलंय, लहानपणापासून चर्चला जाता, संडे स्कूलच्या मुलांना शिकवता, पण हल्ली आतून काही वाटेनासं झालंय. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंची औषधं आणून द्यायचीसुद्धा जिवावर येतं, कारण त्या सतत खेकसतात. मनात प्रेम नसताना केवळ देवाची आज्ञा म्हणून हे करणं ढोंग नाही का, असं तुम्ही विचारलंय.

नाही, ढोंग नाही. औषधं आणून द्या. नसलेलं प्रेम चारचौघांत मिरवणं हे ढोंग. तुम्ही तर कुणाला काही दाखवायला जात नाही आहात. जिना उतरताना प्रभूला सरळ सांगा, ‘आज मन नाही, तरी जातेय.’ इतकी खरी प्रार्थना मला तरी चर्चच्या बाकावर बसून क्वचितच जमली आहे.

आपल्या शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, शब्द ‘प्रीती’ असा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13वा अध्याय आपण लग्नात इतका ऐकतो की आता तो कानावरून नुसता जातो. एकदा सावकाश वाचून बघा. प्रीती सहन करते, दुसऱ्याचं भलं करते, हेवा करत नाही, चिडत नाही, अपकार लक्षात ठेवत नाही. ऊर भरून आला पाहिजे असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. योहानाच्या 14व्या अध्यायात प्रभू शिष्यांना सांगतो, माझ्यावर प्रीती असेल तर माझ्या आज्ञा पाळाल. आणि हे सांगणाऱ्या प्रभूला तरी त्याच रात्री, वधस्तंभावर जाण्याआधी, गेथशेमाने बागेत कुठे उत्साह होता? हा प्याला टळला तर टळो, असंच त्याने मागितलं. मग उठून गेला.

आता माझी गोष्ट सांगते. हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही.

मी भांडुपला राहते, शाळेत शिकवते. आमच्याकडे पोळ्या-भाजी आणि केर-लादीला एक मावशी दिव्याहून यायच्या. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या आणि मावशींचं येणं थांबलं. मार्च-एप्रिलचा पगार आम्ही त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवला. मे महिन्यात यजमान म्हणाले, आता किती दिवस असं चालणार? मलाही पटलं. ‘गाड्या सुरू झाल्या की या, तुमचं काम कुठे जात नाही,’ असं मी फोनवर सांगितलं, आणि सांगताना आपण किती चांगले आहोत असंही मला वाटलं. माझा स्वतःचा पगार त्या काळात एकाही महिन्याला चुकला नव्हता. आमचा दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, तोही चुकला नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो चर्चच्या खात्यात जमा होत होता.

ऑक्टोबरच्या अखेरीस बायकांना लोकलने जायला परवानगी मिळाली आणि नोव्हेंबरात मावशी परत आल्या. बारीक झाल्या होत्या. एक शब्द न बोलता त्यांनी पदर खोचला आणि कणीक मळायला घेतली.

डिसेंबरात, आगमनकाळातल्या म्हणजे नाताळच्या आधीच्या एका रविवारी, आम्ही घरी मोबाइलवर उपासना ऐकत होतो. वाचन याकोबाच्या पत्रातलं होतं, 5वा अध्याय. तुमची शेतं कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडते आहे, आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलं आहे. तेव्हा मावशी स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. रविवारीही त्या यायच्या, कारण आमची उपासना असायची ना! उपदेश काय झाला ते मला आजही आठवत नाही. माझ्या डोक्यात फक्त हिशेब चालला होता. मे ते ऑक्टोबर, 6 महिने, महिन्याचे 3,000. अठरा हजार.

यजमान म्हणाले, काम न करता पगार कोण देतं? त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. कुठल्याही कायद्याने आम्ही ते पैसे लागत नव्हतो. मग तेच म्हणाले, द्यायचेच असतील तर नाताळची भेट म्हणून दे, पाकिटात घालून. मला ती कल्पना फार आवडली आणि दोन रात्री मी त्याच खुशीत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी जे देणं लागते त्याचं मी दान करायला निघाले होते. मावशींनी माझे आभार मानावेत, इतकंच मला हवं होतं. अशा वेळी भावना उपयोगाची नसते हो. मनाला विचारलं असतं तर मनाने पाकीटच निवडलं असतं. आज्ञा मात्र स्पष्ट होती. मजुरी म्हटलंय, तर मजुरी म्हणूनच द्यायची.

दिली. ‘मावशी, हा तुमचा मे ते ऑक्टोबरचा पगार, आमच्याकडे राहिला होता,’ एवढंच बोलले. त्यांनी नोटा मोजल्या, रुमालात बांधल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, हेच जूनमध्ये मिळाले असते तर माझं डोरलं गहाण पडलं नसतं.’

मला राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण आला. अठरा हजार दिले आणि वर हे ऐकायचं? संध्याकाळपर्यंत तो राग ओसरला आणि त्याखाली काय होतं ते दिसलं. लूकच्या 19व्या अध्यायातला जकातदार जक्कय आठवला. त्याने फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं. चौपट द्यायची आमची छाती झाली नाही. डोरलं सोडवायला जे व्याज पडलं ते आम्ही भरलं, आणि पेढीवर मावशींबरोबर यजमान स्वतः गेले.

त्या दिवशी मला मावशींबद्दल माया वाटत होती का? नाही. शरम होती, थोडी भीती होती. माया फार नंतर आली, आणि ती कधी आली हे मला सांगता येणार नाही. तुमचंही तसंच होईल असं वचन मी देऊ शकत नाही. काकू शेवटपर्यंत खेकसत राहतील, आणि तुमचं मनही कोरडंच राहील, असंही होऊ शकतं.

अशा वागण्याने तारण, म्हणजे पापांपासून सुटका, कमावता येत नाही, हे तुम्ही संडे स्कूलमध्ये शिकवतच असाल. ते कृपेने आहे, म्हणून तर भीती न बाळगता आपली चूक उघडी करता येते.

आणखी एक, कारण ‘आज्ञापालन’ या शब्दाने तुमच्या वयाच्या मुली बिचकतात आणि ते रास्त आहे. देवाची आज्ञा पाळणं म्हणजे अधिकाराच्या जागी बसलेल्या प्रत्येक माणसापुढे मान तुकवणं नव्हे. पंडिता रमाबाईंचंच बघा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या चर्चच्या मंडळींशी त्या वाद घालत राहिल्या, न पटलेलं त्यांनी निमूट स्वीकारलं नाही. त्याच रमाबाईंनी 1889 मध्ये आपल्या मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. स्वतःचे आईवडील आणि बहीण उपासमारीने गेलेली ही बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तिथल्या निराधार मुलींना घेऊन आली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं शास्त्र आणलं. 1922 मध्ये जाईपर्यंत त्या त्यातच गढलेल्या होत्या. माणसांना प्रश्न विचारणं आणि देवाचं ऐकणं या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी जमल्या. मला त्यांचा फार आधार वाटतो.

आमच्याकडे आता मावशींचा पगार महिन्याच्या 1 तारखेला सकाळी जातो, दशांशाच्या आधी. रविवारी त्यांना सुट्टी असते. भांडी मी घासते आणि उपासनेला कधीकधी दहा मिनिटं उशीर होतो.

काकूंकडे जाल तेव्हा पावती आणि सुटे पैसे त्यांच्यासमोर मोजून द्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पैशांची फार धास्ती असते, खेकसण्यामागे पुष्कळदा तेच असतं. आणि शक्य झालं तर दोन मिनिटं बसा.