मेडिकलच्या विद्यार्थ्यांना पेशंटच्या समजुती, संस्कृती सांभाळून उपचार करायला कसं शिकवायचं?

तुम्ही नव्याने शिकवायला लागलाय आणि विचारताय की कुठल्या समाजात काय चालतं, काय नाही याची यादी करून एक लेक्चर घेतलं तर पुरेल का. मी बरीच वर्षं वॉर्डमध्ये शिकवतेय, यादी नका देऊ. मी सुरुवातीला दिली होती, मुलांनी ती पाठ केली आणि मग पेशंटचं आडनाव वाचूनच ठरवायला लागली की याला काय वाटत असणार.

त्यापेक्षा विचारायला शिकवा. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये काही साधे प्रश्न सुचवले होते: हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं, आत्ताच का सुरू झालं, या आजारात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. याच्याइतकं कामाचं मला अजून काही सापडलेलं नाही.

एका विद्यार्थ्याने एका बाईंच्या केस पेपरवर लिहिलं होतं, 'इन्सुलिन घेत नाही, समजावूनही ऐकत नाही'. मी त्याला परत पाठवलं, म्हटलं स्टूल ओढून बस, भीतीचा प्रश्न तेवढा विचार आणि मग गप्प राहा. बाई बराच वेळ चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, मग म्हणाल्या, माझ्या भावाला इन्सुलिन लावलं आणि दोन महिन्यांत तो गेला. आता हा मुलगा आधी तीनदा शुगरचे आकडे समजावून आला होता, भावाचा विषयच कधी निघाला नव्हता! मग त्याने भावाचं सगळं नीट ऐकून घेतलं, किडन्या आधीच गेल्या होत्या, इन्सुलिन फार उशिरा सुरू झालं होतं, आणि हे बोलता बोलता बाईंनीच विचारलं, मग माझं अजून वेळेत आहे का? केस पेपरवरची ती ओळ त्याने स्वतःहून खोडली.

दुसरं म्हणजे आपली मेडिकलची पण एक संस्कृतीच आहे हे मुलांना दाखवा. आपण 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' म्हणतो आणि पेशंटला वाटतं चांगली बातमी आहे. टर्व्हलॉन आणि मरे-गार्सिया या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ मध्ये हेच मांडलं, की दुसऱ्याची संस्कृती शिकून संपत नाही, स्वतःच्या समजुती तपासत राहाव्या लागतात.

भाषा वेगळी असेल तर नातेवाइकाला, त्यातून लहान मुलाला तर मुळीच दुभाषी करायचं नाही. याचा रोल-प्ले घ्या, आई दोन मिनिटं बोलते आणि मुलगा सांगतो 'बरं वाटतंय म्हणतेय', विद्यार्थ्यांना लगेच कळतं काय गळालं ते. प्रशिक्षित दुभाषी असला तरी बघायचं पेशंटकडे, बोलायचं छोट्या वाक्यांत.

आणि मार्क ठेवा हो याला, नाहीतर मुलं परीक्षेपुरतं पण करणार नाहीत. मी ओस्कीत, म्हणजे एकेका स्टेशनवर जाऊन द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, एक स्टेशन ठेवते, त्यात फक्त तीन गोष्टी बघते: विचारलं का, उत्तर येईपर्यंत थांबला का, आणि शेवटी 'घरी गेल्यावर काय करणार ते मला सांगा' असं पेशंटकडून वदवून घेतलं का. सगळ्यात जास्त मार्क जातात ते थांबण्यात.