पायावर दाट केस, करंट पोचेना

प्रश्न : मी स्कॉटलंडमध्ये तबेल्यात काम करते. आमच्या क्लाइड्सडेल जातीच्या (पायांवर लांब केस असलेल्या) घोडीच्या मागच्या पायाला सूज आहे. मायक्रोकरंटचं, म्हणजे अगदी सौम्य विजेनं उपचार करायचं यंत्र आणलंय, पण लांब केसांमुळे पॅड कातडीला टेकतच नाही. केस कापू का?

उत्तर : ताई, कात्री लगेच नको. कोरडे केस वीज अडवतात. बोटांनी केस दुभागा, कातडी दिसली की पाण्यानं भिजवा, भरपूर जेल लावून पॅड पट्टीनं बांधा. हा करंट १ मिलिअँपिअरहूनही कमी. घोडीला बहुधा जाणवतही नाही.

पण आधी केसांखाली बोटं फिरवाच. अशाच एका घोडीचा सांधा तिचे मालक शेकत बसले होते. ती रात्रभर पाय आपटायची. केस बाजूला केले तर खालून खपल्याच खपल्या, किडे झाले होते. खपल्या, ओल, वास आढळला तर यंत्र बाजूला ठेवा, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. तेव्हा केस कापावे लागतील.