इन्फ्लमेशन म्हणजे सूज, दाह की शोथ?

प्रश्न असा आलाय की बायोप्सीच्या रिपोर्टात 'क्रॉनिक इन्फ्लमेशन' लिहिलंय, घरच्यांना मराठीत काय सांगू, आणि पुढे 'नेक्रोसिस' आहे ते म्हणजे सडणं का?

बोलताना आपण सगळे सूजच म्हणतो, डॉक्टरही तेच म्हणतात, पण सूज हा फार ऐसपैस शब्द आहे. किडनीच्या पेशंटचे पाय सुजतात, बोटाने दाबलं की खड्डा पडतो आणि थोडा वेळ तसाच राहतो, तिथे पाणी साचलेलं असतं, इन्फ्लमेशन असेलच असं नाही. याउलट नखुरडं बघा. नखाची कड लाल झालेली, फुगलेली, हात लावला तर गरम आणि रात्रभर ठणका. रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात इन्फ्लमेशनची हीच चार लक्षणं लिहून ठेवलीत. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली आणि ऊब येते, त्यांच्यातून द्रव बाहेर झिरपतो म्हणून फुगतं, म्हणजे सूज हे चारातलं एक लक्षण झालं, अख्खी प्रक्रिया नाही.

दाह हा शब्द अर्थाने जास्त जवळचा, कारण मूळ लॅटिन शब्दातही पेटवणंच आहे. अडचण एवढीच की बोलीत दाह म्हटलं की लोकांना जळजळ वाटते, 'जठराला दाह आहे' ऐकून माणूस ॲसिडिटीची गोळी घेऊन मोकळा होतो. शोथ आयुर्वेदातला, संधिशोथ वगैरे जोडशब्दांत छान बसतो, पण त्याचाही मूळ अर्थ सुजणं हाच आणि घरात कुणी तो बोलत नाही. मराठी विश्वकोशात 'दाहयुक्त सूज' असं लिहिलेलं सापडतं, मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

पण तुमच्या रिपोर्टला तेही बसेलच असं नाही! क्रॉनिकमध्ये बाहेरून काही सुजलेलं दिसायलाच हवं असं नसतं, मायक्रोस्कोपखाली लिम्फोसाइटसारख्या पांढऱ्या पेशी जमलेल्या दिसतात त्यावरून पॅथॉलॉजिस्ट तसं लिहितो. म्हणून इथे मी 'जुनाट दाह' म्हणेन आणि लगेच सांगेन की जळजळ नव्हे, शरीराच्या बचावाच्या पेशी तिथे बरेच दिवस जमल्यात. आणि कृपा करून त्याला इन्फेक्शन म्हणू नका, जंतू नसतानाही दाह होतो, साधा मुका मार लागला तरी होतो की.

नेक्रोसिसला सडणं अजिबात म्हणू नका. इजा इतकी झाली की पेशी सावरू शकल्या नाहीत, मेल्या, एवढाच त्याचा अर्थ. हार्ट अटॅकमध्ये रक्त न मिळाल्याने हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो, तो काही सडत नाही. सडायला जंतू लागतात, ओल्या गँगरीनमध्ये ते होतं. पुस्तकी शब्द ऊतीमृत्यू, घरी सांगताना 'तेवढ्या भागातल्या पेशी मेल्यात' म्हणा.