घरचा पत्ता पार्सलवर नको असेल तर

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. खणाच्या पर्स आणि बटवे घरीच शिवते. काही ऑनलाइन विकते, काही गणपती-दिवाळीच्या कार्यक्रमांत टेबल मांडून. गेल्या वर्षी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी, काढली. पार्सलवर परतीचा पत्ता घराचाच असतो. मागच्या महिन्यात एक अनोळखी गृहस्थ पर्स बदलून घ्यायला संध्याकाळी थेट दारात आले. घरी मी आणि धाकटी मुलगी, दोघीच. ते वाईट वागले नाहीत, पण तेव्हापासून बेल वाजली की छातीत धस्स होतं. जवळच्या प्लाझात टपालपेट्या भाड्याने देणारं खाजगी दुकान आहे. तिथे पेटी घेतली तर घरचा पत्ता सगळीकडून काढता येईल का? मैत्रीण म्हणते, पेटीच्या नंबराआधी 'स्वीट' (Suite, म्हणजे इमारतीतला ऑफिसचा गाळा) लिही, म्हणजे ऑफिस वाटेल. पोस्टातली पेटी स्वस्त आहे, ती घेऊ का? कापड कोल्हापूरहून सासूबाई पाठवतात, तेही तिथेच मागवायचं आहे.

उत्तर : पेटी जरूर घ्या. घरात लहान मूल असताना दारात कोण येणार हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. त्यासाठी महिन्याला थोडे डॉलर गेले तर तो खर्च धंद्याचाच समजा. न्यू जर्सीतच माझं असं दुकान होतं. घरून शिवणाऱ्या, फराळ करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या कितीतरी बायका याच काळजीने काउंटरवर येत. पण पेटीने घर सगळीकडून झाकलं जात नाही, ते कुठे झाकलं जातं आणि कुठे नाही हे आधीच पक्कं समजून घ्या.

पोस्टातली पेटी तुम्हाला पुरणार नाही. त्या पेटीत फक्त सरकारी टपालखात्यामार्फत आलेलं टपाल येतं. यूपीएस, फेडेक्स, डीएचएलची माणसं पोस्टाच्या पेटीवर पार्सल टाकत नाहीत. काही पोस्टांत रस्त्याच्या पत्त्याची वेगळी सोय असते, पण ती सगळीकडे नाही. सासूबाई कधी भारतीय टपालाने, कधी कुरियरने पाठवणार. खाजगी दुकान दोन्ही घेतं, सही करतं, ठेवून देतं. एक मात्र आधी विचारा : जकात भरायची असेल तर ते काय करतात? ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला मिळणारी सूट ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली. आता कापडाच्या छोट्या गठ्ठ्यावरही पैसे लागू शकतात, आणि ते दुकानदार आपल्या खिशातून भरणार नाही.

कागदपत्रांत टपालखात्याचा फॉर्म १५८३ महत्त्वाचा. तुमचं टपाल दुकानाने स्वीकारावं, याची ती परवानगी असते. दोन पुरावे लागतात : फोटो असलेलं ओळखपत्र, आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार, घरकर्जाचे कागद, गाडीची नोंदणी वगैरे. सोशल सिक्युरिटी कार्ड आणि क्रेडिट कार्ड चालत नाही. सही दुकानदारासमोर किंवा नोटरीसमोर करायची. एलएलसीचं नावही त्याच वेळी लिहून द्या. ज्यांच्या नावाने टपाल येणार त्या सगळ्यांची नोंद हवी. यजमानांच्या नावाने पार्सल आलं आणि नोंद नसेल, तर दुकानदार ते परत पाठवू शकतो. मी स्वतः परत पाठवत असे. समोरच्याला राग येई, पण नियम तोच होता. या फॉर्मवर घरचा खरा पत्ता द्यावाच लागतो.

मैत्रिणीचा सल्ला मात्र ऐकू नका. पेटीच्या नंबराआधी 'पीएमबी' (PMB, म्हणजे खाजगी टपालपेटी) किंवा नुसतं # हे चिन्ह, एवढंच टपालखात्याला चालतं. 'स्वीट' किंवा 'अपार्टमेंट' चालत नाही. अशा पेट्यांना ऑफिस भासवून लोकांना गंडवण्याचे प्रकार वाढले, म्हणून १९९९ साली हे नियम कडक झाले. शिवाय टपालखात्याच्या पत्त्यांच्या यादीत अशा दुकानांवर खूण असते. बँक आणि कार्ड कंपन्या पत्ता तपासतात तेव्हा ती त्यांना दिसते. म्हणजे लपत काहीच नाही, उलट टपाल परत जाण्याची पाळी येते. तुमचं काम खरं आहे, सचोटीचं आहे. त्याला खोट्या ऑफिसची गरज नाही.

बँकेत दोन पत्ते द्या. खातं उघडताना प्रत्यक्ष ठिकाण सांगावं लागतं, तिथे घर. पत्रव्यवहारासाठी पेटी. करखात्याकडून व्यवसायाचा नंबर घेण्याच्या अर्जातही टपालाचा पत्ता आणि रस्त्यावरचा प्रत्यक्ष पत्ता असे दोन वेगळे रकाने असतात. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची जागा म्हणून पेटी टाकू नका, त्यांना ते मान्य नाही.

आता एलएलसी, कारण घर खरं उघडं पडतं ते इथे. कंपनीच्या वतीने कोर्टाचे कागद स्वीकारणारा 'रजिस्टर्ड एजंट' तुम्ही स्वतःच असाल आणि पत्ता घराचा दिला असेल, तर तो राज्याच्या नोंदीत आहे आणि कोणीही मागवू शकतं. नुसत्या टपालपेटीने हे काम भागत नाही. त्याला न्यू जर्सीतला प्रत्यक्ष पत्ता आणि जबाबदारी घेतलेला माणूस लागतो. ही सेवा वर्षाच्या शुल्कावर वेगळी मिळते. घ्या, आणि नोंद बदलून घ्या. तुमच्या पत्रातल्या भीतीवर पेटीपेक्षाही हा इलाज जास्त महत्त्वाचा आहे. बदल करण्याआधीची नोंद मात्र पुसली जात नाही. (तुमच्यासारखंच काम एलएलसी न काढता करणाऱ्या वाचकांसाठी : धंद्याच्या नावाची नोंद काउंटी क्लार्ककडे होते, आणि तीही सार्वजनिकच असते.)

ग्राहकांना जाहिरातीचे ईमेल पाठवत असाल तर खाली टपालाचा पत्ता देणं २००३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिथे खाजगी पेटी चालते, अगदी बिनधास्त द्या. मोठ्या ऑनलाइन बाजारांत वर्षाला २०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त विक्री करणाऱ्या बऱ्याच जणांचा पत्ता २०२३ पासून ग्राहकाला दाखवावा लागतो. मात्र तुमच्याकडे घराशिवाय दुसरा पत्ता नसेल, तर तसं कळवल्यावर त्या बाजाराला फक्त देश आणि राज्य दाखवता येतं. ही सवलत अनेकींना माहीतच नसते.

आणि सही करण्याआधी पेटी सोडतानाचा विचार करा. घर बदललं की पोस्टात पत्ताबदल देतो, तसा या पेटीवरून देता येत नाही. करार संपल्यावर सहा महिने दुकानाने तुमचं टपाल पुढे पाठवायचं असतं, तेही टपालखर्च तुमच्याकडून घेऊन. त्यानंतर आलेलं टपाल परत जातं. दुकानच बंद पडलं तर प्रत्येक ग्राहकाला, बँकेला, करखात्याला तुम्हालाच कळवावं लागेल. म्हणून दोन पैसे जास्त गेले तरी बरीच वर्षं चालू असलेलं दुकान निवडा, आणि पत्ता कुठे कुठे दिला आहे याची एक वही ठेवा.

पेटी मिळाली की आधी परतीची लेबलं बदला. माल बदलून घेण्याचा नियम लिहून प्रत्येक पर्ससोबत चिठ्ठी घाला : परत करायचं असेल तर आधी संदेश पाठवा, मग पेटीच्या पत्त्यावर पाठवा. टेबल मांडता तिथेही ही चिठ्ठी समोर ठेवा. जुन्या लेबलांवरून घरचा पत्ता माहीत असलेल्या ग्राहकांनाही नवा पत्ता आजच कळवा. पुढच्या दिवाळीत तेच परत येणार आहेत.