ताप मुलीला, फोन साताऱ्याहून

वाचकांचे प्रश्न या सदरात या वेळी विषय इंग्लंडमधल्या शाळांच्या हजेरीचा. उत्तरं देणाऱ्या ताईंनी पश्चिम लंडनमधल्या एका कॅथलिक सेकंडरी शाळेच्या हजेरी कार्यालयात १९ वर्षं काम केलं आहे.

*ताई, मुलगी इयर नाइनला, म्हणजे साधारण आपल्या आठवीला, कॅथलिक सेकंडरीत आहे. धाकट्या दिरांचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी साताऱ्याला आहे. शाळेचे आठ दिवस बुडतात. हेडबाईंकडे रजा मागितली, तर दोन ओळींत नकार आला. त्याच आठवड्यात दुसरं पत्र: मुलीची हजेरी ९३ टक्के आहे, लक्ष द्यावे. ९३ टक्के कमी झाले का हो? मिस्टर म्हणतात, सरळ निघू या आणि तिकडून फोन करून ताप आलाय म्हणून सांगू. सासूबाई म्हणतात, सिस्टर-फादरांच्या शाळेत तरी माणुसकी हवी. काय करू? – एक वहिनी, हाउन्स्लो*

वहिनी, आधी त्या तापाचं बोलू.

सकाळी पावणेआठला मी खुर्चीत बसायचे तेव्हा गैरहजेरीच्या फोनवर तीस-चाळीस निरोप साठलेले असायचे. एका सोमवारी एका वडिलांचा निरोप होता, अगदी स्वच्छ इंग्रजीत: मुलीला खूप ताप आहे, आज येणार नाही. आणि वाक्य संपता संपता मागून खणखणीत आवाज, "एऽऽ भंगारवालेऽऽय, रद्दी पेपऽऽर!" माझ्या शेजारी गोव्याची एक बाई बसायची. तिनेही हेडफोन लावून ऐकलं आणि हसून म्हणाली, "मुंबय काय पुणें गो?"

मी त्या दिवशी रजिस्टरमध्ये 'आय' टाकलं, म्हणजे आजारी. आपला माणूस आहे, जाऊ दे म्हटलं. चुकलंच माझं. दहा दिवसांनी पोरगी आली ती कोपरापर्यंत मेंदी घेऊन. फॉर्म ट्यूटरने, म्हणजे वर्गशिक्षकांनी, साधं "बरं वाटतंय ना?" एवढंच विचारलं. वडिलांनी ताप सांगितला होता, हिने पोट बिघडलं होतं म्हणून सांगितलं, आणि सांगता सांगता रडायला लागली. मग घरी फोन, बैठक, सगळे 'आय' पुसून त्या जागी 'जी', म्हणजे मंजुरीशिवाय घेतलेली सुट्टी. दंड व्हायचा तो झालाच. पुढे फेब्रुवारीत तिला खराखुरा फ्लू झाला तेव्हा शाळेने डॉक्टरचा कागद मागितला. एरवी आजारपणाला शाळा कागद मागत नाही. मनात शंका बसली की मागते. त्या वडिलांनी माझ्याशी नंतर कधी नीट बोलणं ठेवलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात दिसले तरी बटाटेवड्याच्या रांगेतून लांब सरकायचे.

आता ९३ टक्के. आपल्या डोक्यात टक्के म्हणजे बोर्डाचे टक्के. ९३ म्हटलं की पेढे आणायचे. इथे वर्षाला शाळेचे १९० दिवस. त्यातले सात टक्के म्हणजे तेरा दिवस. ९० टक्के म्हणजे १९ दिवस, जवळजवळ चार आठवडे, आणि दहा टक्के किंवा त्याहून जास्त बुडालं की मूल सरकारी हिशेबात 'सतत गैरहजर' या खान्यात जातं. मंजूर रजा आणि खरी आजारपणंसुद्धा त्यात धरतात. तुमची लेक त्या रेषेच्या तीनच टक्के अलीकडे आहे, आणि आठ दिवस म्हणजे वर्षाचे चार टक्क्यांहून जास्त. ते पत्र आलं त्याचं कारण हे. मुलीला कुणी नापास केलेलं नाही.

हेडबाईंचा राग धरू नका. २०१३ च्या सप्टेंबरपर्यंत कौटुंबिक सुट्टीसाठी वर्षाला दहा दिवसांपर्यंत रजा देता येते असं नियमात होतं. ती ओळखीची ओळ काढून टाकली. आता फक्त 'अपवादात्मक परिस्थिती', आणि अपवाद कोणता ते हेड ठरवते. माझ्या काळात सख्ख्या नात्यातल्या लग्नाला एक-दोन दिवस दिलेले पाहिलेत, आठ कधीच नाहीत. आणि सासूबाईंना सांगा, सिस्टर आता शाळेत शोधूनही सापडत नाहीत. १९ वर्षांत मी एकच पाहिली, तीही चॅपलमध्ये. कॅथलिक शाळेला वेगळा हजेरीचा कायदा नाही. शेजारच्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, शाळेला जो, तोच हिला.

दंडाचं गणित नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे त्यावर बऱ्याच अफवा आहेत. दिवसाची हजेरी दोनदा लागते, सकाळी आणि दुपारी. प्रत्येक वेळ म्हणजे एक सेशन. शाळेच्या दहा आठवड्यांत दहा सेशन विनापरवाना बुडाले, की शाळेला दंडाचा विचार करावाच लागतो. ते सलग असायला हवेत असंही नाही. ऑगस्ट २०२४ पासून साऱ्या इंग्लंडला एकच दर आहे: २१ दिवसांत भरले तर ८० पौंड, त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६०. हा दंड प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे. नवरा-बायको आणि दोन मुलं असतील तर चार पाकिटं येतात. त्याच मुलासाठी तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर सरळ १६०, सवलत नाही. तिसऱ्यांदा पाकीटच येत नाही, प्रकरण कोर्टाच्या दिशेने जातं. पैसे शाळेला मिळत नाहीत, कौन्सिलकडे जातात. म्हणून "शाळेचा धंदा आहे" हे मंडळात ऐकू येणारं वाक्य खरं नाही. "बाकीची हजेरी चांगली असली की कोर्टात सुटतो" हेही जुनं झालं. आइल ऑफ वाइटच्या एका वडिलांनी मुलीला टर्ममध्ये फ्लोरिडाला नेलं आणि तोच मुद्दा धरून लढले. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे हजेरी.

तिकडे गेल्यावर मुक्काम वाढवायचा मोह फार होतो, म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगते. विनापरवाना सलग वीस शाळेचे दिवस मूल आलं नाही, शाळेने आणि कौन्सिलने चौकशी केली आणि ठावठिकाणा लागला नाही, तर पटावरून नाव काढता येतं. आणि कॅथलिक शाळेत गेलेली जागा परत मिळवणं म्हणजे काय ते प्रवेशाच्या वेळी तुम्ही पाहिलंच असेल. मागणी जास्त असली की बाप्तिस्म्याचा दाखला असलेली मुलं आधी, मग इतर ख्रिस्ती, इतर धर्माचे आणि आपण बहुतेक शाळांत यादीच्या तळाशी.

खरी गोची कुठे आहे सांगू? आपले मुहूर्त आणि इथल्या सुट्ट्या यांचा छत्तीसचा आकडा आहे. जुलैअखेर ते ऑगस्ट सहा आठवडे शाळा बंद, तर तेव्हा चातुर्मास. ऑक्टोबरच्या हाफ टर्मला, म्हणजे टर्ममधल्या आठवडाभराच्या सुट्टीत, बहुधा तुळशीचं लग्न व्हायचं असतं. नाताळात मोकळं होतो तर पौष डोक्यावर. उरतो मुख्यतः ईस्टर. पुढच्या कुठल्याही लग्नाची बोलणी सुरू झाली की गुरुजींच्या आधी तुम्ही शाळेचं कॅलेंडर काढून सासूबाईंपुढे ठेवा. मी माझ्या भाचीच्या वेळी ठेवलं होतं. आधी सगळे फुगले, मग एप्रिलमधली तारीख निघाली.

या लग्नाची तारीख मात्र ठरलेली आहे. मिस्टरांना पुढे जाऊ द्या. तुम्ही लेकीला घेऊन गुरुवारी शाळा सुटल्यावर हीथ्रोहून रात्रीचं विमान घ्या. शुक्रवारी दुपारी मुंबई, संध्याकाळी-रात्री सातारा. हळद अर्धीमुर्धी मिळेल, सीमांतपूजन आणि लग्न पूर्ण. रविवारी पूजेचा प्रसाद घेऊन निघा, मंगळवारी पहिल्या रजिस्टरला ती वर्गात. बुडाले शुक्रवार आणि सोमवार, म्हणजे चार सेशन. या दोन दिवसांसाठी नवा अर्ज करा, जाण्याआधी, कारण रजा मागाहून मंजूर होत नाही. 'फॅमिली फंक्शन' असं गुळमुळीत लिहू नका. वडिलांच्या सख्ख्या भावाचं लग्न आहे, पत्रिका जोडली आहे, परतीचं तिकीट जोडलं आहे, असं लिहा. पत्रिका मराठीत असली तरी चालते. आमच्याकडे एक आली होती, हेडबाईंनी तिच्यावरचा गणपती बघून मला बोलावलं आणि मी तारीख वाचून दाखवली. दोन दिवसांनाही नकार आला, तरी साधारणपणे चार सेशनवर दंडाची वेळ येत नाही. आणि मुलीला शाळेत खरं सांगता येईल. मेंदी लपवायला नको.

*आमचा मुलगा इयर सेव्हनला आहे. शाळेत ख्रिस्ती सणाच्या दिवशी मास, म्हणजे चर्चची प्रार्थना, असतो. त्या दिवशी त्याला घरी ठेवलं तर चालेल का? आणि गणपतीला सुट्टी मिळेल का? – एक वडील, हॅरो*

घरी ठेवलं तर चालणार नाही. प्रार्थनेतून आणि धर्मशिक्षणातून मुलाला काढून घ्यायचा हक्क पालकांना आहे, कॅथलिक शाळेतही. पण तो हक्क प्रार्थनेपुरता आहे. मुलगा शाळेत येईल, हजेरी देईल आणि मासच्या वेळी लायब्ररीत बसेल. हेडना लेखी कळवा. खरं विचाराल तर आपली बरीच मुलं हॉलमध्ये मागच्या रांगेत गुपचूप बसायची आणि गाणी पाठ करून यायची. त्यांना काही झालं नाही.

गणपतीचं म्हणाल, तर २०२५ ला ते २७ ऑगस्टला आले, शाळा उघडायच्या आत. २०२६ ला १४ सप्टेंबर, सोमवार. टर्म नुकती लागलेली. पालकांच्या धर्मसंस्थेने खास धार्मिक आचरणासाठी राखलेल्या दिवसाला रजिस्टरमध्ये 'आर' लागतं आणि ती रजा मंजूर धरतात. दोन-तीन आठवडे आधी मंदिराच्या किंवा मंडळाच्या पत्रासह मागा, आणि एकच दिवस मागा. आमच्या हेडबाईंनी मला एकदा विचारलं होतं, हा उत्सव नक्की किती दिवसांचा? मी म्हटलं, कुणाकडे दीड, कुणाकडे पाच, कुणाकडे गौरींबरोबर, कुणाकडे दहा. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दीड? म्हणजे तीन सेशन?" म्हटलं, हो, आमच्या देवाला तुमचं रजिस्टर कळतं. तरी त्यांनी दिले दोनच सेशन.

*बस चुकते म्हणून मुलगा आठवड्यातून दोन-तीनदा सव्वानऊला पोचतो. नुसता उशीरच ना? – एक आई, स्लाव*

नाही. रजिस्टर जास्तीत जास्त अर्धा तास उघडं ठेवतात. त्याच्या आत आला तर 'एल', नुसता उशीर. ते बंद झाल्यावर आला तर 'यू', आणि 'यू' म्हणजे विनापरवाना बुडालेलं एक सेशन, मग तो उरलेला पूर्ण दिवस वर्गात बसला तरी. वर सांगितलेल्या दहांत ते मोजलं जातं. आठवड्याला दोन म्हटले तर पाच आठवड्यांत दहा. तुमच्या शाळेचं रजिस्टर किती वाजता बंद होतं ते आजच ऑफिसला फोन करून विचारा, आणि त्याला आधीच्या बसला बसवा.