फिक्सीची टकटक: आधी मोजा, मग पाना उचला

फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग) नसलेल्या, म्हणजे फिक्स्ड गिअर सायकलींच्या (बोलीत ‘फिक्सी’) आवाजाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरं दिली आहेत. पहिलं उत्तर मुद्दाम लांबवलं आहे, कारण पुढची चार त्याच्याच आधारानं वाचायची आहेत.

प्रश्न: माझ्या फिक्सीला पुढे 46 आणि मागे 16 दाते आहेत. सिग्नलवरून निघताना आणि पुलाच्या चढावर, उजवा पाय खाली जाताना ‘टक्’ असा आवाज येतो. मेकॅनिकनं बॉटम ब्रॅकेट (बीबी, म्हणजे पेडलच्या दांड्यांचा एक्सल फिरतो ते बेअरिंग) नवीन बसवलं, पण आठवड्याभरात आवाज परत सुरू झाला. आता काय बदलू? (दादर)

सध्या काहीच बदलू नका. सायकलची फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. पेडलमधला आवाज त्यांतून फिरून बॉटम ब्रॅकेटमधून आल्यासारखा वाटतो, आणि सीटचा आवाजही कधीकधी तिथलाच वाटतो. त्यामुळे बिचाऱ्या बीबीवर आळ येतो आणि चांगला भाग भंगारात जातो.

साध्या सायकलवर पाय थांबवून नुसतं घरंगळत जायचं आणि ऐकायचं. आवाज थांबला तर दोष क्रँककडे (पेडल ज्यावर बसतं तो दांडा), चालू राहिला तर चाकाकडे. फिक्सीवर पाय थांबतच नाहीत, म्हणून ही परीक्षा आपल्याला बंद. तिच्या जागी मोजणी करायची. 46 ला 16 नं भागलं की 2.875 येतात, म्हणजे पेडलच्या 8 फेऱ्यांत मागचं चाक बरोबर 23 वेळा फिरतं. रिकाम्या रस्त्यावर, पहाटे, एकसारख्या गतीनं 8 फेऱ्या मारा आणि टकटक मोजा. 8 आल्या तर दोष क्रँकबरोबर फिरणाऱ्या भागांत आहे. 16 आल्या तर दोन्ही पायांच्या दाबाला काहीतरी हलतंय, म्हणजे बीबी, चेनरिंग (पुढचं दातेरी चाक) किंवा सीट. 23 च्या आसपास आल्या तर चाक. 3 किंवा 4 आल्या तर चेन. तुमच्या सायकलचे दाते वेगळे असतील तर याच पद्धतीनं तुमचा आकडा काढा.

तुमचा आवाज दर फेरीला एकदा आणि जोर लावल्यावरच येतो. मग क्रम असा: बूट आणि पट्टा, पेडल, चेनरिंगचे बोल्ट, क्रँक, आणि सगळ्यात शेवटी बीबी. एका वेळी एकच गोष्ट करा आणि त्याच चढावर जाऊन ऐका. चार गोष्टी एकदम घट्ट केल्या आणि आवाज गेला, तर नेमका कशानं गेला ते कळत नाही. दोन महिन्यांनी तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बुटाच्या नाडीचं टोक किंवा टो-क्लिपच्या (पेडलवर पाऊल धरून ठेवणारी क्लिप) पट्ट्याचं लोंबतं टोक क्रँकला लागत नाही ना, हे आधी पाहा. क्षुल्लक वाटेल, पण ठोका अगदी धातूसारखा येतो. मग 15 मिमी पान्यानं दोन्ही पेडलं काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेनं सुटतो. आट्यांत काळं, खरखरीत ग्रीस किंवा पांढरट मिठाचा थर दिसेल. मरीन ड्राइव्ह, वरळी, कार्टर रोडला रोज फिरणाऱ्या सायकलींत तो हमखास सापडतो. रॉकेलच्या फडक्यानं आटे पुसा, क्रँकच्या भोकातलेही पुसा, नवीन ग्रीस लावा आणि 35 ते 40 न्यूटन मीटरपर्यंत आवळा. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) नसेल तर 20 सेंमी लांब पान्याच्या टोकावर साधारण 18 ते 20 किलो जोर द्यायचा. तेवढ्यानं आवाज गेला नाही तर मित्राच्या सायकलची पेडलं लावून बघा. नवीन घेण्याआधी ही परीक्षा करावी, कारण पेडलच्या आतला छर्रा फुटला असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही.

यानंतर चेनरिंगचे पाच बोल्ट. इथे फिक्सीची खास गोम आहे. बाजारात मिळणारे पुष्कळ बोल्ट दोन चेनरिंग एकत्र धरण्यासाठी बनवलेले असतात. एकट्या चेनरिंगला ते लांब पडतात; बोल्ट मागच्या नटात तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण चेनरिंग मोकळीच राहते. मग प्रत्येक फेरीला ती केसभर सरकते आणि टक् करते. एका चेनरिंगसाठीचे आखूड बोल्ट मागून घ्या. एकेक काढा, पुसा, ग्रीस लावा आणि शेजारचा न घेता एक सोडून एक असे आवळत जा. स्टीलच्या बोल्टला 8 ते 10 न्यूटन मीटर पुरतात. ॲल्युमिनियमचे बोल्ट त्याहून कमी जोरात तुटतात, त्यांना हात राखूनच लावा.

चौकोनी एक्सलचा क्रँक असेल तर त्याचा बोल्ट 14 मिमी सॉकेटनं किंवा 8 मिमी ॲलन कीनं 35 ते 40 न्यूटन मीटरला आवळा. सैल क्रँकवर ‘उद्या बघू’ म्हणत चालवू नका. एक्सल स्टीलचं, क्रँक ॲल्युमिनियमचा. चौकोनी भोकाचे कोपरे दोनचार दिवसांत गोल होतात आणि मग कितीही आवळलं तरी तो क्रँक बसत नाही. काढताना पुलर (क्रँक ओढून काढणारं हत्यार) वापरा, आणि पुलर लावण्याआधी आतला बोल्ट आणि वायसर दोन्ही बाहेर आले आहेत याची खात्री करा. वायसर आत राहिला तर क्रँकमधले पुलरसाठीचे आटेच उखडतात.

आता तुमचं नवीन बीबी. ते बहुधा कोरड्या आट्यांवर बसवलं गेलंय. बाहेर काढा, फ्रेमच्या कवचातले आटे ब्रशनं साफ करा, भरपूर ग्रीस लावा आणि 50 ते 70 न्यूटन मीटरला बसवा. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या इंग्लिश मापाच्या आट्यांत उजवी बाजू उलट्या आट्यांची असते. कवचाच्या तळाला भोक आहे का तेही पाहा आणि बुजलं असेल तर मोकळं करा. पावसाचं पाणी सीटट्यूबमधून उतरून तिथे साठतं आणि बेअरिंग खातं.

प्रश्न: वेग कमी करायला पायानं उलटा दाब दिला की एक ‘टक्’, परत पुढे दाबलं की दुसरं ‘टक्’. बाकी वेळ सायकल एकदम शांत. चालेल ना? (माहीम)

नाही, चालणार नाही. हे तपासून होईपर्यंत सायकल घरीच ठेवा.

मागचा कॉग, म्हणजे लहान दातेरी चाक, हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) सरळ आट्यांनी बसतो, त्यामुळे पुढे पेडल मारलं की तो आणखी घट्ट होत जातो. पायानं अडवलं की तो सुटायला बघतो. त्याला अडवायला बाहेरून लॉकरिंग असते आणि तिचे आटे उलटे असतात. कॉग सुटायला लागला की रिंग आवळली जाते. या दोघांमध्ये फट पडली की कॉग पुढेमागे डुलतो, आणि तुम्हाला ऐकू येतात ते दोन ठोके. ॲल्युमिनियमच्या हबचे आटे यात किसले जातात. एक दिवस उतारावर पाय अडवाल, कॉग मोकळा फिरेल, आणि पुढे ब्रेक नसेल तर थांबायला काही उरणार नाही. फिक्सीला पुढचा ब्रेक हवाच, याबद्दल आमचं मत पक्कं आहे.

खात्री करायची सोपी रीत अशी. कॉग, लॉकरिंग आणि हब या तिन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ मार्करनं ओढा. पुढचा ब्रेक दाबून धरा, पेडलं आडवी ठेवा आणि आलटून पालटून पुढे-मागे दाब द्या. रेघ तुटली की दोष सापडला. रेघ जागेवर राहिली आणि तरीही ठोका आला, तर चेनची ढील, चौकोनी एक्सलवर हलणारा क्रँक किंवा सरकणारा मागचा एक्सल, या तिघांपैकी एक. चेन मधोमध वर-खाली मिळून साधारण 1 सेंमी हलावी. चेनरिंग क्वचितच अगदी गोल असते, म्हणून ही ढील चाक फिरवत, सगळ्यात ताठ जागी मोजायची.

दुरुस्ती करताना लॉकरिंग हुकपान्यानं (रिंगच्या खाचेत अडकणाऱ्या पान्यानं) घड्याळाच्या दिशेनं सोडा. कॉग काढा आणि आटे नीट उजेडात बघा. धारा बोथट किंवा चपट्या झाल्या असतील तर हब बदला. तिथे चिकटद्रव्य ओतून चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. आटे शाबूत असतील तर पुसून पातळ ग्रीस लावा, चेनव्हिपनं (चेनचा तुकडा लावलेल्या दांड्यानं) कॉग पूर्ण ताकदीनं आवळा, मग लॉकरिंग घड्याळाच्या उलट दिशेनं आवळा. पेडर रोडसारखा एखादा चढ उभं राहून चढा; थांबताना फक्त ब्रेक वापरा, पायानं अडवू नका. चढताना कॉग आणखी थोडा आत बसतो आणि त्याच्या व रिंगमध्ये नवी फट पडते. म्हणून परत आल्याबरोबर लॉकरिंग पुन्हा आवळायची. बहुतेक जण ही दुसरी आवळणी विसरतात आणि ठोके परत येतात. नवीन रिंग घेताना जुनी सोबत न्या. नेहमीचं माप 1.29 इंच, इंचाला 24 आटे असं असतं, पण काही इटालियन हबची रिंग वेगळ्या मापाची येते आणि ती चुकीच्या हबवर अर्धवटच धरते.

प्रश्न: दर दोन फेऱ्यांना एकदा टक् होतं, पण पेडल दर वेळी वेगळ्याच जागी असतं. पाऊस थांबल्यापासून हे चाललंय. (मुलुंड)

जागा सरकते, हीच चेनची खूण. 46 दात्यांवर 96 कड्यांची चेन असेल तर तिचा पूर्ण फेरा पेडलच्या दोन फेऱ्या आणि वर 4 दाते एवढा होतो. म्हणून पहिला ठोका पेडल 12 वाजता असताना आला तर पुढचा साधारण 1 वाजता, त्यापुढचा 2 वाजता. चेनरिंगचा एखादा दाता वाकला असता तर ठोका दर फेरीला त्याच जागी आला असता.

एखादं कडं गंजून आखडलं आहे. मागचे नट थोडे सैल करून चेनला ढील द्या, चाक हवेत धरून पेडल हातानं हळू फिरवा आणि कॉगवरून बाहेर पडणाऱ्या चेनकडे बघा. आखडलेलं कडं सरळ होत नाही, कोन करून राहतं. त्याला तेलाचा एक थेंब द्या आणि दोन्ही हातांनी आडवं, डावी-उजवीकडे वाकवा. क्लिपचं कडं असेल तर क्लिपची बंद बाजू चेन पुढे धावते त्या दिशेला हवी.

गंज बराच दिसत असेल तर चेन मोजा. 24 कडी, पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत, नव्या चेनमध्ये 304.8 मिमी भरतात. 306.3 च्या पुढे गेली की चेन बदला. 307.8 पर्यंत वाट पाहिलीत तर कॉगही बदलावा लागेल, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन बसत नाही आणि तीच टकटक नव्यानं ऐकू येते.

प्रश्न: वडिलांची जुनी काळी सायकल फिक्सी करून घेतली. डाव्या पेडलला प्रत्येक फेरीत ‘कट्’ असा धक्का पायाला जाणवतो. (गिरगाव)

दोष कॉटर पिनचा, म्हणजे क्रँक एक्सलवर धरणाऱ्या पाचरीचा. ती काढून तिची सपाट बाजू पाहा; पायरी पडली असेल तर फेकून द्या आणि जुनी पिन दाखवून त्याच जाडीची घ्या. बसवताना क्रँकखाली जाड लोखंडी पाइपचा टेकू द्या, म्हणजे हातोडीचा मार बेअरिंगला लागणार नाही. पिन हातोडीनं ठोकून बसवायची, नट फक्त ती धरून ठेवतो. नट आवळून पिन ओढायला गेलात तर तिचे आटे जातात. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. थोडं चालवून झालं की पुन्हा ठोका आणि नट आवळा.

पण तुमच्या सायकलमध्ये याहून मोठी गोष्ट तपासायची आहे. अशा सायकलींचा जुना हब फ्रीव्हीलसाठी असतो. त्याचे आटे 1.37 इंच, इंचाला 24 चे, म्हणून फिक्सीचा कॉग त्यावर बिनतक्रार बसतो. मात्र लॉकरिंगसाठीचे उलटे आटे तिथे नसतात. काही ठिकाणी त्याच मापाची बीबीची रिंग लावून देतात, पण तिचे आटे कॉगसारखेच सरळ असल्यामुळे कॉगबरोबर तीही सुटू शकते. अशा हबवर पायानं अडवून सायकल थांबवायची नाही. दोन्ही ब्रेक ठेवा, किंवा खरा ट्रॅक हब घालून चाक नव्यानं विणून घ्या. हुकपाना, छर्रे, टॉर्क रेंच यांसाठी नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारा.

प्रश्न: बसून चालवताना आवाज नाही, उभं राहून सायकल डोलवली की टकटक. (चेंबूर)

बसल्यावर आवाज येऊन उभं राहिल्यावर जात असता तर सीटपोस्ट काढून पुसा आणि ग्रीस लावा एवढंच सांगितलं असतं. तुमचं उलटं आहे, म्हणजे हँडल, हेडसेट (हँडल वळतं तिथली बेअरिंग) किंवा स्पोक.

सायकलशेजारी उभं राहून हँडलची एकेक बाजू खाली दाबा. आवाज आला तर स्टेमच्या (हँडल धरणारा भाग) पुढच्या झाकणाचे बोल्ट काढा, आतली माती पुसा आणि 5 न्यूटन मीटरला आडवे-तिडवे क्रमानं आवळा. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे ढकलल्यावर ठोका आला तर हेडसेट सैल आहे. दोन्हीकडे काही नाही आणि 8 फेऱ्यांची मोजणी 23 च्या जवळ जाते, तर स्पोक. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यांवर ते लवकर सैलावतात. शेजारचे दोन-दोन स्पोक हातात धरून दाबत पूर्ण चाक फिरा. करकर करणारी जोडी सापडली की ते जिथे एकमेकांवरून जातात तिथे तेलाचा थेंब सोडा. एखादा बाकीच्यांपेक्षा ढिला लागला तर तो आवळण्याआधी हबची कड पुसून, टॉर्च लावून बघा. स्पोकच्या भोकापासून बारीक चीर निघाली असेल तर आवळल्यानं ती वाढते. असा हब बदलावाच लागतो.